वकीलपत्र कोणाचे?

२०२३ सालच्या रमजान ईदनंतर आठ-दहा दिवसांनी आम्ही बारा जण एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी जमलो होतो. आमच्यात दोघे सुताचे व्यापारी, एक डॉक्टर, एक औषध दुकानदार, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, एक शिंपी, बाकीचे मास्तर आणि कारकून. विषय मोहल्ल्यातल्या एका मुलीचा होता. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाची ही मुलगी पुण्यात पाच वर्षे कायदा शिकली, सनद घेऊन घरी आली. शिक्षणासाठी बापाने काढलेले कर्ज अजून फिटायचे होते. पुण्यात करारमदार तपासण्याची महिना तीस हजारांची नोकरी तिला मिळत होती. तिला मात्र इथेच, जिल्हा न्यायालयात आणि जिल्हा कारागृहात, वकील नसलेल्या कैद्यांचे काम करायचे होते. ज्या ज्येष्ठ वकिलांकडे ती ज्युनिअर म्हणून जाणार होती, ते सज्जन होते. पण ज्युनिअरला ते जाण्यायेण्याच्या खर्चापलीकडे काही देत नसत. कुठेच देत नाहीत.

आम्ही ठरवले की प्रत्येकाने दरमहा साडेबाराशे रुपये काढायचे आणि तिला दोन वर्षे महिना पंधरा हजार द्यायचे. मुख्याध्यापक म्हणाले, याला मदत म्हणू नका, खैरात म्हणू नका, फेलोशिप म्हणा. त्या शब्दावर आम्ही थोडे हसलो. बारा जणांची वर्गणी आणि नाव फेलोशिप! पण पुढच्या दोन वर्षांत आम्हाला जो धडा मिळाला तो त्या शब्दानेच दिला. तो धडा वाचकांपुढे ठेवावा, आणि त्यात आमचे काय चुकले तेही सांगावे, म्हणून हा लेख.

पहिली शंका कंडक्टरसाहेबांनी त्याच बैठकीत काढली. ते म्हणाले, पैसे घेऊन केली तर ती सेवा कसली? आमच्या समाजात ही भावना खोल आहे. सेवा म्हटली की ती फुकट हवी, आणि करणारा स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन करणारा हवा. ऐकायला हे उदात्त वाटते. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्याचे घर चालते, ज्याच्या बापाचा बंगला आहे, तोच गरिबाची बाजू मांडू शकेल. कर्जात असलेल्या मागवाल्याच्या मुलीने ती इच्छाही धरायची नाही. म्हणजे गरिबाला न्याय मिळायचा तर तो श्रीमंताच्या फुरसतीवर अवलंबून! आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण आमच्याही घरात बोलली जाते आणि ती खोटी नाही. मशिदीचे इमाम तनखा घेतात म्हणून त्यांच्या मागे नमाज कोणी सोडत नाही. शाळामास्तर पगार घेतो म्हणून त्याने शिकवलेले अक्षर हलके होत नाही. मग वकिलाच्याच बाबतीत उपाशी राहण्याची अट का?

फुकट काम करणाऱ्यांना आपण डोक्यावर घेतो, पण त्यांच्यामागे उभे राहत नाही. शाहिद आझमी यांचे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. टाडाखाली तुरुंगात गेलेल्या या तरुणाने तिथेच पुढचे शिक्षण सुरू केले, सुटल्यावर तो वकील झाला, आणि ज्यांचे वकीलपत्र घ्यायला इतर कचरत होते अशांची वकीलपत्रे त्याने घेतली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे बत्तीस. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या खटल्यात ते फहीम अन्सारीचे वकील होते. त्याच वर्षी मे महिन्यात विशेष न्यायालयाने अन्सारीला त्या खटल्यातून निर्दोष सोडले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. आझमींवर पुढे चित्रपट निघाला, भाषणे झाली. आम्हीही ती ऐकली, डोळे पुसले. पण आमच्यापैकी एकालाही तेव्हा सुचले नाही की दुसरा असा वकील उभा राहायचा तर त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे घरभाडे कोण देणार. हुतात्म्याचा गौरव करणे स्वस्त पडते. ज्युनिअरचा पगार दरमहा द्यावा लागतो.

ही कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत ती बरीच जुनी आहे. बॉस्टनचे वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी १९१९ मध्ये गरीब माणूस आणि न्याय या विषयावर एक अहवालवजा ग्रंथ लिहिला. ज्याच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत त्याला समान कायद्याचा काही उपयोग नाही, हा त्याचा आशय होता. पुढे १९६७ मध्ये त्यांच्याच नावाने सरकारी पैशातून नव्या विधी पदवीधरांसाठी फेलोशिप निघाली. तिच्यातून गरीब वस्त्यांतल्या कायदा मदत कार्यालयांत गेलेल्या तरुणांना लोक 'रेजी' म्हणत. १९८६ मध्ये तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनीच एक संघटना काढली, ती आज 'इक्वल जस्टिस वर्क्स' म्हणून ओळखली जाते. १९८८ मध्ये 'स्कॅडन' या बड्या वकिली कंपनीने आपल्या चाळिसाव्या वर्षानिमित्त दोन वर्षांची फेलोशिप सुरू केली. पदवीधराने स्वतःच काम सुचवायचे, कुठल्या संस्थेत बसून करायचे ते सांगायचे, आणि कंपनीच्या प्रतिष्ठानाने पगार द्यायचा. तिथला विधी पदवीधर अनेकदा एक लाख डॉलरहून अधिक कर्ज घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे मनात असूनही तो गरिबांच्या कामाकडे वळू शकत नाही, हे ओळखूनच या योजना आखल्या गेल्या.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांविषयी के. एफ. रुस्तमजी यांचे लेख वर्तमानपत्रात आले. ते वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. शिक्षा झाली असती तरी जितके दिवस भोगावे लागले नसते, त्याहून अधिक दिवस कित्येक जण खटल्याविना आत होते. त्या खटल्याला कैद्यांपैकी एका बाईचे नाव आहे, हुसैनारा खातून. भारतातल्या कायदा मदतीच्या पायाच्या दगडावर एका गरीब मुसलमान बाईचे नाव कोरलेले आहे, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगतो का? १९८३ मध्ये मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने आदेश दिले की अटक होताच जवळच्या कायदा मदत समितीला कळवावे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये लागू झाला. त्यानुसार स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आणि तरीही २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारांत तीन. त्यांत मुसलमानांचा वाटा गेली कित्येक वर्षे १८ ते २१ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के होता. महाराष्ट्रातल्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी २०११ च्या सुमारास केला होता. त्यात दिसलेला कैदी हा बहुधा तरुण, कमी शिकलेला, हातावर पोट असलेला आणि पहिल्यांदाच अटक झालेला होता. वर्तमानपत्रांतून दिसणाऱ्या चित्राशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

हक्क आहे, कायदा आहे, मग माणूस आत का राहतो? हे आम्हाला ग्रंथांतून नव्हे, त्या मुलीच्या वहीतून कळले. ती आठवड्यातून दोनदा कारागृहात जाई. पहिल्या तीन महिन्यांत तिने न्यायालयात क्वचितच तोंड उघडले असेल. तिचे काम असे : कैद्याचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक, कलमे, पुढली तारीख आणि वकील कोण हे लिहून काढायचे. कित्येकांना आपला वकील कोण हेच माहीत नव्हते. काहींच्या घरी अटकेची खबरही पोहोचली नव्हती, कारण पाठ असलेला मोबाइल नंबर बंद झाला होता. मग ती फोन करी, पत्ता शोधी, वकीलपत्रावर सही आणी, आरोपपत्र दाखल झाले का ते पाही. या शेवटच्या गोष्टीत फार काही अडकलेले असते. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. मागायला कोणी नसेल तर हक्क येतो आणि तसाच निघून जातो. कैद्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरे असे की जामीन मंजूर होऊनही माणसे आत असतात. न्यायाधीश म्हणतात, पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरपट्टीची पावती असलेला जामीनदार कुठून मिळणार? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याबद्दल निर्देश दिले आहेत. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिन्याभरात अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर न्यायालय स्वतःहून त्या शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत साहाय्याची योजनाही काढली. सगळे आहे. पण निर्देश आणि कैदी यांच्यामध्ये चालत जाणारा एक माणूस लागतो. आम्ही दरमहा पंधरा हजार देत होतो ते त्या चालण्याचे.

पहिल्या वर्षी आम्ही खुशीत होतो. सुटलेल्यांत आपल्या मोहल्ल्यातली दोन मुले होती. एकाच्या आईने आम्हा बारा जणांच्या घरी खीर पाठवली. दुसऱ्या वर्षी आमची परीक्षा झाली.

२०२४ च्या सुरुवातीला शहरात एका मिरवणुकीनंतर मारामारी झाली. फार मोठी नव्हती, वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली. तीत आमच्यातल्या एकाच्या मेहुण्याची फळांची हातगाडी जाळली गेली. पाच-सहा मुले धरली. त्यातला एक एकोणीस वर्षांचा, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. आई चार घरची धुणीभांडी करणारी. त्याची फाइल विधी सेवा प्राधिकरणाकडून त्या ज्येष्ठ वकिलांकडे आली आणि त्यांच्याकडून आमच्या मुलीकडे. एप्रिलमध्ये जामीन मंजूर झाला, जामीनदार मिळेना. जूनमध्ये तिने अर्ज केला की केवळ जातमुचलक्यावर सोडावे. अर्ज मंजूर झाला आणि पोरगा घरी गेला.

ज्याची गाडी जळाली तो मेहुणा आमच्याकडे आला. ओरडला नाही. म्हणाला, "माझी गाडी जाळणाऱ्याला सोडवायला तुम्ही महिन्याला पैसे देता, हे मला माहीत नव्हतं." त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. आमच्यातल्या काहींना तर त्याचेच म्हणणे पटले. आपल्या कैद्यांना वकील मिळावा म्हणून आपण पैसे काढले. त्या लोकांना त्यांचे वकील नाहीत का?

आम्ही तिला बोलावले. ते बोलावणे साधे नव्हते, हे आज कबूल करतो. बारा वडीलधारी माणसे एका पंचविशीच्या मुलीला समोर बसवतात, तेव्हा आवाज कितीही मऊ असला तरी तो दबाव असतो. आम्ही सुचवले की अशा फाइली तिने घेऊ नयेत, ज्येष्ठांना सांगून दुसऱ्याकडे द्याव्यात. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चाचा, पगार तुम्ही देता, ते मी विसरणार नाही. पण वकीलपत्र त्याने दिलंय." एवढेच म्हणाली आणि चहा संपवून गेली.

त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस आमच्यात वाद झाले. कायदा तिच्या बाजूने होता, हे औषध दुकानदारांनी पुस्तके धुंडाळून आम्हाला दाखवले. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीच घ्यायचे नाही, असे ठराव काही वकील संघ करतात. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि वकिली धर्माच्या विरुद्ध ठरवले. अशा ठरावांचा चटका कोणाला बसला आहे? दहशतवादाच्या आरोपाखाली धरलेल्या आपल्याच मुलांसाठी गावात वकील मिळत नाही, अशी तक्रार आपणच वर्षानुवर्षे करत आलो. तेव्हा आपला मुद्दा काय होता? आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, आणि वकील मिळणे हा आरोपीचा हक्क आहे. तो मुद्दा आपली मुले पिंजऱ्यात असताना खरा आणि दुसऱ्याचा मुलगा असताना खोटा, असे कसे होईल?

पण प्रश्न केवळ कायद्याचा नव्हता. पैसे देणाऱ्याचा हक्क कुठवर, हा खरा नैतिक प्रश्न होता, आणि तो फक्त आमच्या बारा जणांचा नाही. फेलोशिप ही तीन कोनांची गोष्ट आहे. एक देणारा, एक काम करणारा आणि एक ज्याचे काम होते तो. नेहमीच्या वकिलीत देणारा आणि अशील एकच असतो, म्हणून गुंता होत नाही. शिष्यवृत्तीत पैसा घेणाराच शिकतो, तिथेही गुंता नाही. इथे मात्र पैसा एकाचा आणि इमान दुसऱ्याशी. देणाऱ्याच्या मनात हे सलतेच.

ज्या ज्या थैलीतून असा पैसा आला, त्या प्रत्येक थैलीला दोरी होती असे दिसते. अमेरिकेतले 'रेजी' सरकारी पैशावर जगत. गरिबांचे वकील सरकारी खात्यांनाच न्यायालयात खेचू लागले, तेव्हा सरकारात बसलेल्यांना ते खुपले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कायदा मदत महामंडळाचा निधी सुमारे चतुर्थांशाने कापला गेला आणि त्याच दशकात ती फेलोशिपही संपली. खासगी थैलीचे उदाहरण तर ताजे आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मोठ्या वकिली कंपन्यांवर दडपण आणले, तेव्हा 'स्कॅडन'ने त्यांच्याशी समझोता केला. दहा कोटी डॉलर किमतीचे मोफत कायदेशीर काम देऊ केले, आणि त्या समझोत्यात फेलोशिपचाही उल्लेख आला. निवडलेले पदवीधर निरनिराळ्या राजकीय मतांचे असतील आणि दरवर्षी निदान पाच जण ठरवून दिलेल्या विषयांवर काम करतील, असे त्यात मान्य केले गेले. त्या विषयांत वाईट काही नव्हते, माजी सैनिकांना मदत हाही त्यात होता. पण छत्तीस-सदतीस वर्षे ज्या योजनेचे वैशिष्ट्य 'काम तरुणाने सुचवायचे' हे होते, तिथे काम कोण ठरवणार याची बोलणी दात्याने तिसऱ्याशी केली. देणाऱ्याच्या मानेला हात लागला की घेणाऱ्याचा हात आखडतो, तो असा.

आणि तिसरी थैली आमची. समाजाची वर्गणी. आम्हाला वाटत होते, ही सगळ्यांत पवित्र. हिला ना सरकारची भीती ना कंपनीचा स्वार्थ. जून २०२४ मध्ये कळले की हिलाही दोरी आहे, आणि ती आमच्याच हातात होती. सरकार म्हणते, माझ्याविरुद्ध नको. कंपनी म्हणते, माझ्या धंद्याआड नको. बिरादरी म्हणते, फक्त आमच्यासाठी. तिघांचे म्हणणे शेवटी एकच, की पैसा आमचा म्हणून अशील आम्ही निवडणार.

मग बिरादरीने पैसा देऊच नये का? आम्हाला तसे वाटत नाही. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या फीसाठी आपण वर्गण्या काढतो, त्या काढाव्यातच. पण सनद मिळाल्यानंतरची दोन-तीन कोरडी वर्षे कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असे परिपत्रक काढले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेले आहेत आणि बंधनातून सुटू पाहणारेही आहेत. त्यात अशा कामाला जागा आहे की नाही ते जाणकार उलेमांनी सांगावे. आमची वर्गणी जकातीची नव्हती, म्हणून तो प्रश्न आम्हाला पडला नाही. आमचे म्हणणे एवढेच की देताना हात सोडून द्यावे. आपण हौदाला पैसे देतो तेव्हा पाणी कोण प्यायले याची यादी मागत नाही.

गाडी जळालेल्या माणसाला मात्र हे उत्तर पुरत नाही, आणि ते पुरते असे आम्ही म्हणणार नाही. त्याचेही काही देणे लागते. उशिरा का होईना, आम्हाला ते सुचले. त्याच्या नुकसानीचा पंचनामा नीट झाला नव्हता, भरपाईचा अर्ज कोणी केला नव्हता. आमच्या मुलीला ते काम देता येईना, कारण ती दुसऱ्या बाजूची वकील होती. म्हणून आम्ही दुसऱ्या वकिलांना गाठले. त्याचे म्हणणे न्यायालयात मांडले जावे आणि आरोपीचेही मांडले जावे, यात विरोध नाही. एकाचा वकील काढून घेतल्याने दुसऱ्याला न्याय मिळत नाही. हे आम्ही त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. पटले असे तो म्हणाला नाही. आमच्यातल्या ज्यांचा तो मेहुणा, त्यांनी पुढच्या महिन्यापासून वर्गणी बंद केली. पंधरा हजारांचे तेरा हजार सातशे पन्नास झाले. उरलेली रक्कम अकरा जणांनी वाटून घेतली, पण त्या घरी आमचे जाणेयेणे पहिल्यासारखे राहिले नाही. तत्त्वाची किंमत म्हणतात ती बहुधा अशीच, सव्वा-दीड हजारांची आणि एका जुन्या दोस्तीची असते.

आणखी एक प्रश्न आम्हाला शेवटच्या महिन्यांत दिसला. फेलोशिपला मुदत असते, कैद्याच्या अडचणीला नसते. मे २०२५ मध्ये दोन वर्षे संपली, तेव्हा तिच्या वहीत एकेचाळीस फाइली चालू होत्या. वकिलाने घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी सूचनेशिवाय सोडू नये, असा बार कौन्सिलचाच नियम आहे. 'माझी फेलोशिप संपली' हे कैद्याच्या दृष्टीने कारण आहे का? त्याच्या आयुष्यात एक माणूस आला, त्याने नाव विचारले, घरी फोन केला, आणि एका तारखेला तो आलाच नाही. ही दुसरी अटकच म्हणायची. तरुणांना दोन वर्षांचा 'अनुभव' देणाऱ्या सगळ्या योजनांनी हा विचार पहिल्या दिवशी करायला हवा. आम्ही तो केला नव्हता, तिने केला होता. शेवटचे तीन महिने तिने नव्या फाइली घेतल्या नाहीत. प्रत्येक चालू फाइलीला एक पान लावले. त्यावर पुढली तारीख, राहिलेले काम, घरच्यांचा चालू नंबर, जामिनाची अट. प्रत्येक कैद्याला भेटून पुढचा वकील कोण ते सांगितले. त्याच्याकडे त्याच्या खटल्याचा क्रमांक आणि तारीख मराठीत लिहिलेली चिठ्ठी दिली. ती म्हणे, मी येवो न येवो, ही चिठ्ठी त्याच्याजवळ राहील.

फेलोशिपचे मोजमाप काय, असे आम्हाला आता कोणी विचारले तर आम्ही सुटलेल्यांचा आकडा सांगणार नाही. देणारा आणि काम करणारा दोघेही निघून गेल्यावर अशिलाच्या हातात काय उरले, हे पाहावे. खीर पाठवणाऱ्या आईइतकेच त्या धुणीभांडी करणाऱ्या आईच्या हातात काय उरले, तेही पाहावे.

मुलगी आता सरकारच्या लोक अभिरक्षक कार्यालयात सहायक म्हणून लागली आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून ही कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. तीन वर्षांपर्यंतची वकिली झालेल्या नवख्यांनाही त्यांत सहायकाची जागा आहे. पूर्णवेळ काम आणि ठरलेला मोबदला. म्हणजे ती आता पहिल्या थैलीवर आहे. खटला भरणारे सरकार आणि बचावाचा पगार देणारेही सरकार, तेव्हा तिथली दोरी तिला वेगळ्या तऱ्हेने जाणवेलच. आम्हाला तिची काळजी वाटत नाही. वकीलपत्र कोणाचे हे तिला ठाऊक आहे.

आमची अकरा जणांची बैठक यंदा पुन्हा झाली. दुसरा एक मुलगा आहे, लातूरहून कायदा शिकून आलेला, बाप हमाल. या वेळी मुख्याध्यापकांनी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ओळ अशी : वर्गणी देणाऱ्याने अशिलाचे नाव विचारू नये. कंडक्टरसाहेबांनी सही करायला जरा वेळ घेतला. मग चष्मा पुसून त्यांनीही केली. बाराव्या नावाची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. ज्यांची ती आहे त्यांच्या घरी ईदला आम्ही जाणार आहोत.